पाऊणपट

समितीचे अध्यक्ष हसुराम तांडेल आले तेव्हा
ऐरोलीच्या आमच्या प्रयोगशाळेची लिफ्ट बंद होती.
तीन जिने चढून आले, घाम पुसत.
मागे पाच अधिकारी, एक फोटोवाला
आणि शाल-श्रीफळाचं तबक, जे कुणी कुणाला द्यायचं
ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

फाइल त्यांनी गाडीतच वाचली होती. निदान शीर्षक.
"मॅडम, खाडीतल्या मासळीचा श्वास मोजायला
चार वर्षं, बेचाळीस लाख?
एवढ्यात दोन नाले बांधून होतात."
होतात. खोटं नाही ते.
"मग याचा उपयोग काय?"

उत्तर मी पाठ केलं होतं.
फुप्फुसं, औषधं, रोजगार, देशाचं नाव,
फरझानाने रात्र जागून केलेल्या सोळा स्लाइड्स.
ऐनवेळी जीभ वळली नाही.
म्हणाले, माहीत नाही, साहेब.
अजून माहीत नाही, म्हणून तर बघतोय.

अधिकाऱ्यांनी घड्याळं पाहिली.

तेवढ्यात टाकीत काहीतरी टुणकन उडालं,
ओल्या चिखलावर दोन परांवर रेलून बसलं
आणि डोळे वर काढून साहेबांकडे बघू लागलं
एखाद्या जुन्या विरोधी सभासदासारखं.

"अरे, ही तं निवटी!"
साहेबांची इस्त्रीची पँट
एकदम गुडघ्यापर्यंत चिखलात गेली.
"आमचा बापूस बिळात कोपरापर्यंत हात घालायचा.
आज तिथी काय? अष्टमी?
म्हणजे सहाला भरती, बाराला सुकती.
आता निघाल्या असतील सगळ्या बाहेर."

तिथीची पाऊणपट. आठाचे सहा.
मी विचारलं, हे कुणी शोधलं, साहेब?
"कुणी म्हणजे? आहेच ते."

नाही. नुसतं असं काही नसतं.
कुणीतरी पहिला उभा राहिला असणार
याच चिखलात, काठी रोवून,
चंद्र आणि पाणी, पाणी आणि चंद्र,
महिनोन्महिने,
जाळं न टाकता.
शेजारचे हसत असतील, काय गावतं रे तुला तिथं?
तो म्हणत असेल, अजून काय नाय.
आणि तरीही घरी कुणीतरी
त्याच्या वाटची भाकरी झाकून ठेवत होतं.
त्या बाईचं नाव कुठल्या कोनशिलेवर नाही.
पण तुमच्या बापाची होडी
आयुष्यभर तिच्या भाकरीवर तरली.

एवढं बोलले आणि घाबरले.
मग उगाच निवटीचं सांगू लागले,
की भरतीत बिळातली हवा संपते,
म्हणून नर वरून तोंडात हवा भरून आणतो,
घोटाघोटाने, फेऱ्यांवर फेऱ्या,
आणि आत छतापाशी साठवून ठेवतो अंड्यांसाठी.
कुठल्या अंड्याला विचारत नाही
तू मोठेपणी कुणाच्या कामी येणार.

साहेब काही बोलले नाहीत.
फोटो निघाला. शाल परत गाडीत गेली,
नारळ फरझानाने ठेवून घेतला.
फाइल नामंजूर झाली नाही, मंजूरही नाही.
बेलापुरात कुठल्याशा टेबलावर
कोरडी पडून आहे.

काल रात्री अकराला फोन आला. नंबर अनोळखी.
"मॅडम, तांडेल बोलतोय.
ती निवटी… झोपते का वो?"

काडीचा उपयोग नव्हता त्या प्रश्नाला.
माहीत नाही, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
"मग बघा की."

बघते, म्हटलं.
तेवढी सही लागेल.